दोन रेघांची खुर्ची

मित्रांनो, भातसानगरच्या एका क्वार्टरच्या गॅलरीत, तुळस लावलेल्या तेलाच्या डब्याशेजारी जी खुर्ची दिसते, ती मी. मी जुनी आहे, सागाची आहे, आणि एकटी आहे. समोर धरणाची लांब भिंत दिसते. तिच्यामागे अडलेले पाणी रोज कुठेतरी निघून जाते. मुंबईला जाते म्हणतात. मी मात्र जिथे ठेवली तिथेच असते, आणि संध्याकाळ झाली की माझी सावली माझ्याआधी घराच्या भिंतीला टेकते.

माझ्या बैठकीखाली, जिथे कोणी वाकून पाहत नाही, तिथे पटाशीने मारलेल्या दोन रेघा आहेत. त्या रेघांपासूनच मी तुम्हाला माझी गोष्ट सांगते.

सिद्धगडाच्या बाजूच्या रानात एक साग होता. तो कधी पडला, किती काळ सुकत राहिला, हे मला आठवत नाही. आपण जन्मण्याआधीचे कुणाला आठवते? मला पहिली आठवण आहे ती वाळू सुताराच्या श्वासाची. रंधा मारताना तो श्वास रोखून धरी, आणि लाकडाची लांब साल सुटून गुंडाळली गेली की सोडी. जंगलखात्याच्या बंगल्यासाठी त्याला दोन खुर्च्या करायच्या होत्या. नमुना म्हणून मुंबईहून एक मोडकी खुर्ची आली होती. वाळूने ती सांध्यासांध्यातून सोडवली, अंगणात पसरली, आणि बराच वेळ नुसता तिच्याकडे पाहत बसला. मग त्या एकाच सागातून त्याने आम्हा दोघींना काढले. मला आणि माझ्या बहिणीला.

दोन खुर्च्यांचे पाय, हात, पाठी एकाच अंगणात पडलेले. जिचे तिला मिळावे म्हणून त्याने बहिणीच्या प्रत्येक भागावर एक रेघ मारली आणि माझ्या प्रत्येक भागावर दोन. खिळा एकही वापरला नाही. सांध्यात लाकडाच्या खुंट्या ठोकल्या. बैठकीच्या कडेने हाताने फिरवायच्या सामत्याने भोके पाडली आणि त्यांतून वेत ओवला. काम झाल्यावर त्याने आम्हाला समोरासमोर ठेवले आणि दोघींवर एकेकदा बसून पाहिले. त्यानंतर वाळू आमच्यावर कधी बसला नाही. करणाऱ्याने केलेल्या खुर्चीत बसण्याची तेव्हा रीत नव्हती.

बंगल्यात आम्ही पुष्कळ वर्षे होतो. व्हरांड्यात, एकमेकींकडे थोड्या वळलेल्या, अशाच आम्ही नेहमी असायचो. एकीवर साहेब बसे, दुसरीवर आलेला-गेलेला. साहेब बदलत गेले, मग साहेबांचे राज्यच निघून गेले, आणि पुढे एक दिवस बंगल्याची कौले उतरवली गेली. बंगल्याचा राखणदार होता गोजर, धसईजवळच्या एका गावचा कुणबी. उरलेल्या सामानातून त्याने आम्हाला मागून घेतले. एक त्याच्या डोक्यावर, एक त्याच्या बायकोच्या, अशा आम्ही बांधाबांधावरून त्या गावात शिरलो. मी मागे होते. पुढे चाललेल्या बहिणीचे चारही पाय आभाळात होते, आणि ते पाहून मला, खरे सांगते, हसू आले होते.

गावाने आम्हाला नाव दिले, ‘साहेबाच्या खुर्च्या’. कुणीतरी म्हणाले, इलायतेहून बोटीत बसून आल्यात. गोजरने आधी मान हलवली, मग तो स्वतःच तसे सांगू लागला. त्या एका गोष्टीने आमचा मान वाढला. गावातल्या प्रत्येक लग्नात आम्हाला मागणे येऊ लागले. अक्षता पडल्या की नवरा-नवरी आमच्यावर बसत. हळदीचे हात आमच्या हातांवर टेकत. कोणी नवरी घाबरून माझा दांडा घट्ट धरी, आणि मला वाटे, धर, बाई, मी मजबूत आहे. पण त्या बोटीच्या गोष्टीत वाळू सुताराला जागा नव्हती. मान मिळत गेला आणि ज्याने घडवले त्याचे नाव पुसले गेले. मानाचे असेच असते की काय, कोण जाणे.

गोजरनंतर त्याचा मुलगा भगीरथ माझ्यावर बसू लागला. तो फारसे बोलत नसे. शेतातून आला की पाय धुवायचे, माझ्यावर बसायचे, आणि दोन्ही तळवे माझ्या हातांवर पुढे-मागे फिरवायचे. इतकेच. समोरची बहीण रिकामी असे. कुणी आले तर बसावे म्हणून. त्याच्या तळव्यांनी माझे हात काळसर, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखे झाले. मित्रांनो, लाकडाला प्रेम समजते की नाही हे मला सांगता येणार नाही. पण रोज तोच हात त्याच जागी टेकला, की लाकूड ती जागा त्याच्यासाठी राखून ठेवते.

भगीरथ गेला. मागे त्याची बायको जना, आणि दोन मुलगे राहिले. थोरला देवराम शेती करायचा. धाकटा शेखर भातसा धरणावर नोकरीला लागला होता. वर्ष सरल्यावर वाटणी झाली. त्या बाजूची रीत अशी, की थोरल्याने दोन वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे. म्हणजे घालणाराही फसवत नाही आणि उचलणाराही कुरकुरत नाही. अंगणात भांडी मांडली, कोयते मांडले, कणग्या मांडल्या. देवरामने फार जपून वाटे घातले. तपेल्याला तपेले, विळीला विळी. आणि खुर्चीला खुर्ची. एक या वाट्यात, एक त्या वाट्यात.

पंच म्हणाले, “चोख केलंस, देवराम.”

जोडी फुटते आहे, हे कोणाच्या मनातही आले नाही.

शेखरने बहिणीचा वाटा उचलला. एसटीच्या टपावर तिला बांधताना देवराम खालून म्हणाला, “हापिसात खुर्ची हाय ना तुला? तरी हीपन नेतोस?”

तो बहुधा थट्टाच करत होता. पण बाप गेलेल्या घरात थट्टा नीट उमटत नाही.

“वाट्याला आली ती नेतोय,” शेखर टपावरूनच म्हणाला. “भीक नाय मागितली.”

गाडी गेली. त्यानंतर शेखर घरी आला नाही. देवरामनेही बोलावणे धाडले नाही. धसईच्या बाजाराच्या दिवशी जना भाजी घेऊन जाई आणि शेखर किन्हवलीच्या रस्त्याने तिथे येई. माय-लेक बाजारात, मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसून, भेटत. घरी आल्यावर तिच्या पिशवीत बिस्किटांचा पुडा असे. देवराम तो पाही आणि विचारत नसे. खात मात्र असे.

ती माझी पडीक वर्षे. देवराम माझ्यावर कधी बसला नाही. तो उंबऱ्यावर बसे. बापाच्या जागी बसायला त्याला धीर होत नसावा. हळूहळू माझ्यावर ओली गोणपाटे पडू लागली, मग बियाण्याची पोती. बैठकीचा वेत एका कोपऱ्यातून तुटला, तेव्हा देवरामची बायको मीना हिने तिथे नायलॉनची सुतळी बांधली. एका कोंबडीने माझ्यावर अंडी घातली, आणि तेवढे दिवस मला जरा सोबत झाली. मला बहिणीची आठवण येई ती ठरावीक वेळी नाही, तर कोणी घरात शिरून ‘बसू कुठं?’ असे विचारी तेव्हा. तेव्हा समोरची रिकामी जागा दिसे.

जना माझ्या पायाशी बसून वाल सोलत असे. एकटीच असली की ती पुटपुटे, कधी वालांशी, कधी माझ्याशी. “मला काय पायजे? दोघं एका उंबऱ्याच्या आत दिसली म्हंजे झालं. मग मी मेले तरी चालंल.” तिला दुसरे काही नको होते. मलाही तेच हवे होते, फक्त माझ्या दोघी वेगळ्या होत्या.

नव्वदीचे दशक सरत आले होते. त्या सुमारास मुंबईचे लोक गाड्या घेऊन मुरबाडच्या बाजूला फिरू लागले होते. जुनी दारे, पितळी घंगाळी, कोरीव खांब, जे मिळेल ते पाहत. त्यांतला एक वयस्क पारखी पाणी मागायला आमच्या पडवीत आला. त्याने पाण्याचा तांब्या घेतला, आणि पिण्याआधीच त्याची नजर माझ्यावर थांबली. पोती त्याने स्वतः उतरवली. मला एका हाताने उचलून वजन पाहिले. मग हळूच, जसे एखाद्या म्हाताऱ्याला कुशीवर वळवावे तसे, मला उलटे केले. तिथे मला कितीतरी वर्षांनी वारा लागला.

“साहेबाची हाय,” देवराम अभिमानाने म्हणाला. “इलायतेची.”

“असं?” पारखी म्हणाला. त्याने बोट फिरवले, वाकून पाहिले, आणि विचारले, “हिची जोडी कुठे आहे?”

मीनाने देवरामकडे पाहिले. जना वाल सोलायची थांबली.

“तुमाला कोनी सांगितलं जोडी हाय म्हनून?” देवरामने विचारले.

“हिनेच सांगितलं. खाली दोन रेघा आहेत. एक रेघवाली असल्याशिवाय दोन रेघा कोण मारील?” तो उठला. “बघा, एकटी खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची. जोडी असली तर गोष्टच वेगळी. जोडी आणवून ठेवा, दोन्ही घेतो, चांगल्या भावाने. भाताची झोडणी झाली की येईन. आणि एक करा, आहे तशीच ठेवा हिला. ओला फडकासुद्धा लावू नका.”

तो गेला. जना त्या रात्री जेवताना नेहमीपेक्षा जास्त बोलली. पुढच्या बाजाराला ती धसईला गेली आणि शेखरला म्हणाली, “तुझी खुर्ची घेऊन घरी ये. इकायची का नाय ते तिथं ठरवा. पन ये.” परत येऊन तिने हे मीनाला सांगितले, मीनाने देवरामला सांगितले, आणि देवराम म्हणाला, “येऊ दे की. मी काय दार बंद केलंय?”

आता मित्रांनो, पुढे जे घडले ते वाईट हेतूने घडले नाही. म्हणूनच ते आजही दुखते.

“हाय तशी ठेवा म्हनला,” देवराम मला निरखत म्हणाला.

“म्हनतात तसं!” मीना हसली. “मला बघायला आलात तवा तुमच्याकडचे पन म्हनले होते, काय करू नका, पोरगी हाय तशी दाखवा. म्हनून काय माझ्या आईनं मला शेणाच्या हातानं उभी केली? काकीचं लुगडं मागून आनलं होतं!”

“ते लुगडं काकीचं होतं?”

“मग? आता कळतंय व्हय तुमाला!”

देवराम हसला, पण त्याला ते पटले. पाहुणा ‘राहू द्या’ म्हणतो आणि आपण करतो, यालाच घर म्हणतात. शिवाय त्याच्या मनात दुसरी एक बोच होती. “शेखरची खुर्ची क्वार्टरमदी, रोज पुसलेली असंल,” तो म्हणाला. “तिच्याशेजारी आपली भिकारी दिसायला नको.”

तो मुरबाडला जाऊन पॉलिशपेपर आणि चॉकलेटी ऑइलपेंट घेऊन आला. अंगणात मला ठेवून तो घासू लागला. अंगात बळ होते आणि मनात जिद्द. भगीरथच्या तळव्यांनी राखलेला तो काळसर गुळगुळीतपणा, हळदीच्या हातांचे जुने पिवळट डाग, कुणा अनोळखी माणसांच्या कोपरांची झीज, हे सगळे भुकटी होऊन खाली पडू लागले. दुखले का, असे तुम्ही विचाराल. दुखले नाही. काहीतरी विसरत चालल्यासारखे वाटले. भगीरथचा डावा हात माझ्यावर कुठे टेकत असे? ते मला आठवेना. मीनाने ती भुकटी झाडूने गोळा केली आणि उकिरड्यावर टाकली. मग मला रंग दिला. मी लखलखत होते. शेजारी येऊन म्हणाले, “नवी आनली काय?” आणि देवरामची छाती फुगली.

झोडणी आटोपली, पारख्याचा निरोप आला. ठरल्या दिवशी दुपारी गावाच्या रस्त्यावर टेम्पोचा आवाज आला. जना सकाळपासून उभीच होती. टेम्पोतून शेखर उतरला, आणि मागून दोरखंड सोडवत त्याने माझ्या बहिणीला खाली घेतले.

ती आकाशी निळी होती.

मग जना खुदकन हसली. “एक चाकलेट आन एक आभाळ! अरे, गनपतीचा मांडव हाय का काय?”

शेखर ओशाळला. “म्हनलं, मानूस मुंबईहून येनार. जरा बरी दिसावी.” हे तो आईला म्हणाला. देवरामशी तो बोलत नव्हता. आईसाठी आणलेली वेताची चटई टेम्पोतून काढायची होती, तेव्हा म्हणाला, “वहिनी, यांना सांगा, जरा हात लावा म्हनावं.”

“भावजी, ते हितंच उभे हायेत. बहिरे नाय झाले अजून,” मीना म्हणाली.

त्यांनी आम्हाला शेजारी-शेजारी ठेवले. तिचा पाय माझ्या पायाला लागला. निळ्या रंगाखाली मी तिला ओळखले आणि चॉकलेटी रंगाखाली तिने मला. माणसांना एकमेकांना ओळखायला चेहरा लागतो. आम्हाला अंगणाचा उतार पुरला. त्या उतारावर दोघी एकाच बाजूला एकाच मापाने कललो.

पारखी आला तो फाटकातच थांबला. त्याचा चेहरा पाहून दोघे भाऊ एकाच वेळी पुढे आले आणि एकाच वेळी थांबले.

“कोणी सांगितलं होतं हे?” तो हळूच म्हणाला.

“तुमीच येनार म्हनून...” देवराम म्हणाला.

पारखी रागावला नाही. तो अंगणात उकिडवा बसला आणि त्याने आधी बहिणीला उलटी केली. खालच्या बाजूला रंग पोचला नव्हता. “इकडे या दोघे,” त्याने बोलावले. “वस्तूचं वय वरून दिसत नाही. खाली बघायचं. ही करवतीची रेघ बघा, सरळ आहे. हाताची करवत. यंत्राची असती तर गोल कमानी उठल्या असत्या. ही भोकं बघा, दोन सारखी नाहीत. आणि या खुंटीवर बोट फिरवा.”

शेखरने फिरवले. “वर आलीय जराशी.”

“लाकूड आकसतं, खुंटी तशीच राहते, म्हणून वर येते. त्याला वर्षं लागतात. आता इथे.” त्याने पुढच्या आडव्या पट्टीकडे बोट केले. “टाचा टेकून टेकून झिजली आहे. पण मधेच, कडेला नाही. बनावट जुनी वस्तू सगळीकडे सारखी झिजवतात. खरी जिथे माणूस टेकतो तिथेच झिजते.”

मग त्याने खिशातले पाते काढून हाताच्या खालच्या कडेला निळा रंग नखाएवढा खरवडला. आतून काळसर, मधासारखा रंग वर आला. “ही आत जिवंत आहे,” तो म्हणाला. “नुसता वरून रंग दिलाय.”

“घासायला टाइमच नाय मिळाला,” शेखर पुटपुटला. “ड्युटी होती.”

मग माझी पाळी आली. त्याने माझ्यावरचा रंग खरवडला. आत कोरे, फिकट लाकूड होते. त्याने आणखी एका जागी पाहिले. मग आणखी एका. पाते मिटून त्याने खिशात ठेवले, आणि माझ्या पाठीवर थोडा वेळ हात ठेवला.

“हिची कातडीच गेली,” तो म्हणाला.

“पन लाकूड तेच हाय ना?” देवरामचा आवाज चढला. “साहेबाचं, इलायतेचं!”

“विलायतेचं नाही, दादा. दोन्हीही नाहीत. हा साग इथला आहे. नमुना साहेबाचा असेल, पण हात इथल्याच कुणा सुताराचा. आणि खरं सांगू? हात नमुन्यापेक्षा चांगला होता.”

मित्रांनो, माझी कातडी गेल्याचे त्याच माणसाने सांगितले आणि वाळू सुताराला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्यानेच शाबासकी दिली. मी रडू की हसू, हे मला कळेना. नाव त्याला ठाऊक नव्हते. ते फक्त आम्हा दोघींना ठाऊक होते, आणि आम्हाला बोलता येत नव्हते.

“म्हंजे आमचा सासरा खोटं बोलला आयुष्यभर?” जना म्हणाली.

“तसं नाही, आजी. लोकांना बोटीची गोष्ट जास्त आवडली असेल.” पारखी उठून शेखरकडे वळला. “जोडी आता जोडी राहिली नाही. पण ही निळी मी एकटीसुद्धा घेईन. रंग मी काढून घेतो. देता का?”

सगळे शेखरकडे पाहू लागले. देवरामने मान फिरवली. “त्याची हाय. त्यानं बघावं,” तो म्हणाला, आणि आत जाण्यासाठी वळला. जनाने खांब धरला. बहीण त्या गाडीत चढली असती तर शेखर त्याच वाटेने परत गेला असता, आणि पुन्हा येण्याचे कारण त्या घरात उरले नसते. हे तिला कळत होते. मलाही कळत होते.

शेखर देवरामच्या हातांकडे पाहत होता. बोटांची अग्रे सोललेली होती, नखांत चॉकलेटी रंग होता.

“एवढं कशाला घासलंस रे, दादा?” तो म्हणाला.

ते किती वर्षांनी निघालेले ‘दादा’ होते! देवराम पायरीवरच थांबला. वळला नाही.

“तुझी चांगली असंल वाटलं. लोकांनी म्हनायला नको, देवरामनं बापाची खुर्ची सडवली.”

“आन मी म्हनलं, तूच म्हनशील, क्वार्टरवाल्यानं कबाड आनलं.”

मीनाने पदर तोंडाला लावला. देवरामच्या खांद्यांवरून कळले की तोही हसतो आहे, किंवा हसत नाही आहे.

तेवढ्यात जना पुढे आली. “कोनी काय इकायचं नाय,” ती म्हणाली. “आन ज्याची त्यानं न्यायची पन नाय. निळी हितं राहील. चाकलेटी शेखर नेईल.”

“आये, याची खराब झालीय ती मी कशाला—”

“ऐक. शेजारनीचं वाडगं घरात आलं तर आपन मोकळं परत करतो का? काय ना काय घालूनच नेतो. आन नाय नेलं तर ती मागायला येते. येनं-जानं ऱ्हातं.” तिचा श्वास फुलला होता. “तुमी दोघांनी आपापलं वाडगं धुऊन आपापल्या फळीवर ठेवलंय. मी हाय तवर शेखर बाजारात तरी येतो. माझ्यामागं तुमाला एकमेकाच्या दारात कोन आननार?”

देवराम पायरीवरून खाली उतरला. मग देवराम म्हणाला, “आन मी त्याची चांगली इकून टाकली तर?”

“इक की. तुझी त्याच्याकडं हाय. घालंल चुलीत.”

“घालीन,” शेखर म्हणाला, आणि आता तो उघडच हसत होता.

पारख्याने चहा घेतला. जाताना तो भावांना म्हणाला, “निळा रंग काढायचा तर हळूहळू काढा. कागद लावू नका, घाई करू नका. एका दिवसाचं काम नाही ते.” आणि तो रिकाम्या गाडीने निघून गेला.

टेम्पोत मला चढवले. दोरखंड माझ्या पायांतून ओवला. बहीण अंगणात उभी होती, निळी, तिच्या हातावर तेवढा एक काळा ठिपका उघडा. एक दुपार आम्ही एकत्र होतो. त्या एका दुपारवर मला पुढची सगळी वर्षे काढायची होती.

तेव्हापासून मी इथे आहे. शेखरने माझा रंग उतरवला, वेत नवा विणून घेतला. मी फिकट दिसते. येणारे मला नवीच समजतात. बहीण कशी आहे हे मला कोणी मुद्दाम सांगत नाही, पण कळते. देवराम भात काढून झाले की येतो, वाल निघाले की येतो, कधी काही निघालेले नसतानाही येतो. आला की पिशवी ठेवून आधी माझ्यावर बसतो. बापाची जागा परक्या घरात आली तेव्हा कुठे त्याला तिच्यावर बसायचा धीर झाला. मग म्हणतो, “तुझ्या खुर्चीचा उजवा हात निघाला बग पुरा. काळाभोर. पाठ राहिलीय, ती तू आल्याशिवाय नाय करत.” शेखर जातो आणि दोघे मिळून थोडा निळा रंग काढतात. बहीण अशी वीतवीत उजेडात येते आहे, आणि ती बातमी माझ्यापर्यंत चहाच्या कपासोबत पोचते. जना आता थकली आहे म्हणे. बहिणीच्या पायाशी बसून वाल सोलते.

मित्रांनो, तुमच्या घरात आजा-पणजाची एखादी वस्तू असेल, तर तिला चकचकीत करण्याआधी एकदा उलटी करून पाहा. तिथे कुणाचा तरी हात सापडेल. मळ समजून जे तुम्ही घासाल, ती कदाचित कुणाची तरी टेकण्याची जागा असेल. एकदा गेली की ती कोणत्याही रंगाने परत येत नाही. आणि वाटे घालायची वेळ आली, तर जोडीने जन्मलेले काय आहे ते आधी विचारा. आम्हाला कोणी विचारले नाही.

आम्ही दोघी वेगळ्या आहोत म्हणून ते दोघे भेटतात. हे मला समजते. समजले तरी संध्याकाळी, सावली भिंतीला टेकते तेव्हा, मी एकटी असते ती असतेच.

शेवटच्या गाडीची वेळ झाली की देवराम उठतो. शेखर दर वेळी विचारतो, “तुझी खुर्ची नेतोस का रे, दादा?”

त्या क्षणी मला त्या अंगणाचा उतार आठवतो, तिच्या पायाचा स्पर्श आठवतो, आणि माझे सगळे सांधे जायला निघतात. तरीही मी मनोमन म्हणते, नको. नको नेऊस.

देवराम चपला घालत म्हणतो, “ऱ्हाऊ दे. पुढच्या टायमाला बघू.”